पाय सुटायला हवा

"डावीकडचं उलटं फिरतं," नवरा म्हणाला. "उगाच जोर लावू नकोस, आटे जातील."

ती मागच्या अंगणात जुन्या चादरीवर बसली होती, हातात पाना घेऊन. नवरा समोर खुर्चीत, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. सायकल धाकट्या दिराची. डोंगरातून भटकून आला की तो पेडलं साफ करायला दादाकडे आणून टाकायचा आणि दादाही हौसेने करून द्यायचा. या वेळी हात तिचे आणि तोंड नवऱ्याचं. तसं त्या घरात यात नवीन काही नव्हतं.

तिने पेडलची दांडी ओढून काढली, काळं पडलेलं ग्रीस फडक्याने पुसलं, नवं भरलं. दांडी परत बसवून पेडल फिरवलं तर कसं मऊ फिरलं. तिला बरं वाटलं. नवऱ्यालाही खोट काढायला काही सापडलं नाही.

"आता स्प्रिंगचा स्क्रू," तो म्हणाला. "तो आवळ."

या पेडलांत बुटाखालची लोखंडी पट्टी खट्कन अडकते आणि पाय पेडलला जखडला जातो. टाच बाहेर झटकली की सुटतो. किती जोरात झटकावी लागणार, ते हा एवढासा स्क्रू ठरवतो. तिने दोनदा टिकटिक वाजेपर्यंत फिरवला आणि थांबली.

"अजून."

"तुमच्या सायकलचे तर सैल ठेवता की. पाय सुटायला हवा म्हणता."

"तो काही माझ्यासारखा पडत नाही. आवळ."

तिने आवळला.

"हात मोडला त्या दिवशी मी कड्याखाली पडून हाका मारत होतो," नवरा म्हणाला. "हा पुढे निघून गेला. ऐकूच आलं नाही म्हणे." आवाज अगदी साधा, दूध नासलंय असं सांगावं तसा. "उद्या पुन्हा तिकडेच चाललाय. तसाच कडेकडेने जाईल."

पाना तिथेच खाली ठेवायचा, इतकं सोपं होतं ते. पण इतक्या वर्षांची सवय. तो सांगत गेला, ती फिरवत गेली. दोन्ही पेडलांचे, खालचे-वरचे सगळे स्क्रू पार अडेपर्यंत आवळून झाले. आपल्याला भीती नक्की कोणाची वाटतेय, नवऱ्याची की आपल्याच हातांची, हे तिला धड कळेना.

फाटक वाजलं. धाकटा आला तो बूट चढवूनच.

"अरे वा, वहिनी मेकॅनिक झाल्या. दादा, तुझी नोकरी गेली बघ."

नवरा हसला. अगदी मनापासून हसला, आणि तेच तिला सहन झालं नाही.

"घेऊन जा. तयार आहे," तो म्हणाला. "उद्या लवकर निघायचंय ना तुला?"

"उजाडलं की निघतोच."

"मग चल, पळ. इथे वेळ काढू नकोस."

"भावजी," ती म्हणाली, "नेण्याआधी इथेच एकदा चढून उतरून बघा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती सायकलकडेच बघत राहिली.

"बघतो की. तुमच्या कामाला मार्क नको द्यायला?" धाकटा सायकलवर बसला. खट्, खट्, दोन्ही पाय अडकले. अंगणाला एक फेरी मारली, वर तोंडभर कौतुकही केलं. मग खुर्चीजवळ येऊन ब्रेक दाबला आणि उजवी टाच झटकली. पाय हलला नाही. पुन्हा झटकली. सायकल थांबली होती. तो हळूहळू उजवीकडे कलायला लागला, नवऱ्याच्या बाजूला, आणि त्याने आधारासाठी हात पुढे केला.

"दादा, धर."

नवरा खुर्चीतून उठला. त्याचा डावा हात धडधाकट होता, दीर त्याच्या हाताशी होता. तो एक पाऊल मागे सरला.

ती कधी उठली, कशी धावली, तिलाही कळलं नाही. तिने सीट आणि दिराची कॉलर एकदमच धरली आणि सगळं वजन अंगावर घेऊन त्याला कसंबसं सरळ उभं केलं. शेवटी त्याने बुटांचे बंद सोडले आणि मोज्यांवरच खाली उतरला. बूट पेडलांवर तसेच अडकून राहिले.

"आयला, जाम घट्ट झालेत हे," तो घोटा चोळत हसला. "कड्यावर असतो तर गेलोच असतो."

ती पाना घेऊन पेडलापाशी बसली आणि स्क्रू उलटा फिरवायला लागली. नवरा तिच्यामागे येऊन उभा राहिला आणि वाकून फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "इथे पडून काय होणार होतं त्याला?"

"काय म्हणतोय दादा?" धाकट्याने विचारलं.

ती स्क्रू फिरवायची थांबली नाही.

"उद्या जाऊ नका म्हणतायत," ती म्हणाली.