फ्लोरेन्सची कणीक

इटलीच्या सहलीत आल्हादने पास्ता बनवायचा क्लास केला. ॲप्रन बांधून मैदा मळतानाचे त्याचे व्हिडिओ जबलपुरातल्या मदन महलपासून घमापूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पोचले. घरी परतल्यावर येईल त्या पाहुण्याला तो ऐकवायचा, "मळणं म्हणजे साधना आहे जी. हाताला पीठ लागलं की माणूस नम्र होतो." पाहुण्यांचा चहा बायको, श्रद्धा, करून आणायची.

परवा श्रद्धाचा उजवा हात मुरगळला.

"अहो, आज तेवढी कणीक मळून देता का?"

"मी काहून? तिथं हौस होती, इथं रोजचंच आहे. हॉटेलातून मागवून घे," मोबाईलवरची नजर न काढता तो म्हणाला.



श्रद्धाने डाव्या हाताने फोन उचलला आणि एकाच माणसाचं जेवण मागवलं.