ढगाचा पडदा

सकाळचे ऊन छपराच्या काचेतून स्टुडिओत उतरले, ते सावकाश. आधी आरशापाशी ठेवलेल्या कंगव्यावर, मग पावडरच्या डब्यावर, मग लाकडी बाकाच्या गुळगुळीत झालेल्या कडेवर. तिथे ते जरा रेंगाळले. मग बाकामागच्या पडद्यावर चढू लागले, आणि झिशानने रंगवलेला वादळी ढग खालून उजळत गेला. काळा, जांभळा, कडेला तांबूस; पोटात वीज.

शिरूरच्या त्या फोटो स्टुडिओत या पडद्यापुढे अजून कोणी बसले नव्हते. नवरा-नवरी येत आणि शेजारचा काश्मीरच्या तळ्याचा जुना पडदा मागत. "आज कुणी बसलं तर ठीक," मालक पोपटराव स्टुडिओ उघडतानाच झिशानला म्हणाले होते, "न्हाईतर उद्या तुझ्या ढगावर ताजमहाल काढायचा."

ऊन पडद्यावर असतानाच निमोण्याचे भिमाजी आणि साखरबाई आले. साखरबाई थेट पडद्याजवळ गेल्या आणि मान वर करून बघत राहिल्या.

"ह्याच्यात पाऊस हाय, का नुसताच वारा?"

हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते. "आधी वारा," झिशान हळूच म्हणाला.

"मग ह्योच लावा."

"अगं, भिजशील की!" भिमाजी हसले.

"औंदा तेवढंच भिजणं. बसा गुमान."

दोघे बाकावर खेटून बसली. पोपटरावांनी झिशानला कॅमेऱ्यामागे ढकलले. "तुझा ढग, तूच काढ फोटू."

त्याने डोळा लावला. भिमाजींच्या फेट्याआड वीज गेली होती.

"आबा, थोडं डावीकडं सरका."

आता साखरबाईंच्या डोक्यावरच्या पदराआड ती तांबूस कड गेली.

"मावशी, तुम्ही उजवीकडं. अजून. अजून थोडं."

भिमाजी बाकाच्या या टोकाला, साखरबाई त्या टोकाला. मधे सगळा ढग, अखंड, देखणा.

"आरं लेकरा," साखरबाई म्हणाल्या, "आम्ही भाईर जाऊन उभं ऱ्हातो. तू ढगाचा फोटू काढून घे निवांत."

पोपटराव खो खो हसले. झिशानने कॅमेऱ्यावरचा डोळा काढला. शेजारी काश्मीरचा पडदा लोंबत होता. त्यातल्या सपाट, रिकाम्या निळ्या पाण्याला तो रोज नावे ठेवीत असे. तळ्याच्या मधोमध खरोखरच काही काढलेले नव्हते.

त्याच्या पडद्यावर माणसांना जागाच नव्हती.