नर्मदाला बघायला दोघे आले

"तू आत जा," रत्नाबाईने नर्मदाला दटावलं. "मोठी मानसं बोलत्यात."

नर्मदा पडद्याआड गेली. बाहेरच्या खोलीत, घाईघाईने अंथरलेल्या नव्या चादरीवर, दोन साहेब बसले होते. समोर स्टुलावर पाण्याचे दोन पेले ठेवले होते. दोघांचे शर्ट कडक इस्त्रीचे, थोरल्याच्या गळ्यात टाय. रविवारी सकाळी बोईसरच्या कामगार चाळीत अशी जोडी कुणाच्या दारात उभी राहिली की तिचा एकच अर्थ होतो. शेजारच्या इंदुबाईने तो लावलासुद्धा. जीप थांबल्याबरोबर ती चाळभर सांगत सुटली, की रत्नाबाईच्या पोरीला बघायला आलेत. मुलगा बहुतेक तो टायवाला. वय जरा जास्तच वाटतं, पण पोरगीही चोवीस पूर्ण झालीय, आता किती चोखंदळपणा करायचा.

पडद्यामागे नर्मदा फटीतून बघत होती. टायवाल्याला तिने ओळखलं होतं. तो मुलाकडचा नव्हता, विमान कंपनीचा होता.

नर्मदा सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकली होती. कंपनीच्या लेखी परीक्षेत ती पहिली आली, उड्डाणाच्या चाचणीतही पहिलीच. आता नाही म्हणायचं तरी कसं? मग कंपनीने एक नवीच अट काढली. उमेदवार मुलगी असेल तर पालकांची संमती हवी, आणि तीही साहेबांनी समक्ष घरी जाऊन घ्यायची. मुलांना अशी अट नव्हती. मुलीचा बाप वारलेला आणि आई कापडाच्या कारखान्यात मजूर, एवढं अर्जावरून कळत होतं. अशी आई पोरीला आभाळात थोडीच धाडणार? तिचा नकार लिहून घ्यायचा आणि दुपारी केळव्याला समुद्रावर जेवायला जायचं, असा साहेबांचा बेत होता. म्हणून तर ते न कळवता आले होते.

"मुलीची उंची तशी बेताचीच," थोरले साहेब म्हणाले.

"मोठी व्हायची ती झाली आता," रत्नाबाई म्हणाली.

"आणि लग्न झाल्यावर? नोकरी सोडेलच ना ती?"

धाकट्या साहेबांनी पेन उघडलं. नर्मदाने डोळे मिटून घेतले. आईचं उत्तर तिला पाठ होतं. घर बघ, संसार बघ, आभाळात काय ठेवलंय, हे ती चार वर्षं ऐकत होती. सगळं संपलं असं वाटून तिने पडदा बाजूला सारला.

"आई, अगं हे लोक..."

"आत," रत्नाबाई मागे न बघता म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "सोडनार नाय. चार वर्सं घातलीत तिनं शिकायला, पोटाला चिमटा काढून. चालत नसंल तर आताच सांगा."

पेन तसंच राहिलं.

"आता मी इचारते. तुमच्याकडं पितात का?"

थोरले साहेब खोकले. "म्हणजे... नियम फार कडक आहेत आमचे."

"म्हंजे पितात. बरं, बायामानसं किती हायेत तुमच्यात?"

"सध्या एकही नाही."

"एक बी नाय? मग पोरीचं दुखलंखुपलं कोन बघनार?"

धाकटे साहेब टोपण लावू लागले. खिडकीत इंदुबाईने तोंडाला पदर लावला. मुलाकडच्यांची अशी हजामत तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"बाई, नीट विचार करा," थोरल्या साहेबांनी सूर बदलला. "आमच्याकडचे सगळे मोठ्या घरचे. गोरेगोमटे, फाडफाड इंग्रजी बोलणारे. तिथे तिला फार जड जाईल."

मग रत्नाबाईने मुलीच्या आईचं ठेवणीतलं हत्यार काढलं. दारात कुणी फिरकलेलं नसलं तरी पाहुण्यांना दुसरी दोन ठिकाणं सांगायचीच, असा रिवाज आहे. त्याने भले भले ताळ्यावर येतात.

"जड जात असंल तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दोन ठिकानाहून इचारना झालीय. मुंबईचेच हायेत. त्यांनी ना उंची इचारली, ना लगीन. मंगळवारी हो सांगायचंय त्यांना."

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या वर्षी नव्या विमान कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि वैमानिक शोधून सापडत नव्हते.

"कोण आहेत ते?" धाकट्यांनी विचारलं.

"असं नाव सांगनं बरं दिसतं का?"

थोरल्या साहेबांनी मुकाट्याने बॅगेतून संमतीचा कागद काढला. बघण्याच्या कार्यक्रमात सही कसली, असं रत्नाबाईने विचारलं नाही. तिने सावकाश एकेक अक्षर काढत सही केली.

"उद्या नेमणुकीची तार येईल," साहेब उठत म्हणाले. "मंगळवारी कुणालाही हो म्हणू नका."

जीप गेली. नर्मदा बाहेर आली ती हसत आणि डोळे पुसत. तिने आईला मिठीच मारली.

"आई, ते मुलाकडचे नव्हते गं. विमान कंपनीचे होते. तुझ्या गैरसमजाने नोकरी लागली मला."

"कसला गैरसमज? मला ठावं हुतं."

"ठाऊक होतं? कधीपासून?"

"आल्या आल्या." रत्नाबाईने स्टुलावरचे दोन काठोकाठ भरलेले पेले उचलले. "सोयरीक करायला येनारा आपल्यातला असतो, पोरी. तो आपल्या घरचं पानी पितो."