साहेबांच्या तोंडून

“पा…” एवढं म्हणून साहेब अडले.

“पाणी,” पोपटताईने ओठ मोठे करून दाखवले. साहेबांनी पुन्हा जोर लावला, पण ‘णी’ काही येईना. ग्लास समोरच होता, त्यांच्या हाताच्या थोडा पलीकडे. तिने तो मुद्दाम तिथे ठेवला होता.

अर्धांगाचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवत असे. म्हणून सगळा दवाखाना तिला पोपटताई म्हणायचा. साहेबांच्या बायकोला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “काकू, अशा माणसाला नवं काही शिकवणं म्हणजे दगडावर पेरणं. जे वर्षानुवर्षं रोज म्हटलंय, तेच आधी परत येतं. आकडे, वार, शिव्यासुद्धा.”

“मग शिव्यांपासूनच सुरुवात होईल,” काकू म्हणाल्या. “पोलिसात होते ना!”

पोलिसात होते, हे पोपटताईला सांगायची गरज नव्हती. ती कॉलेजात असताना याच माणसाने तिच्या वडिलांना घरातून उचलून नेलं होतं. गुन्हा एकच, बंदी असताना घरात बसून येशूचं नाव घेतलं. वडील कोठडीतून जिवंत परत आले नाहीत. त्या दिवसापासून तिने ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. कुणी धर्म विचारला की हसून विषय बदलायची. स्वतःच्या या भित्रेपणाची तिला चीड होती, आणि त्याहून जास्त चीड या माणसाची होती. आता तोच तिच्या हाती सापडला होता, तोही मुका. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!

तिने दार लावलं. बाहेर कुणी नाही ना, याची खात्री केली. मग साहेबांच्या डाव्या हातावर बोटांनी ठेका धरला.

“दार लावलंय, येशू, तरी तू आत ये.”

ही प्रार्थना कुठल्या पुस्तकात नव्हती. वडिलांनीच ती रचली होती, घरच्या घरी हळू आवाजात म्हणायला. महिनाअखेरीस साहेबांचा सत्कार होता. पदक घेऊन पोलीस खात्यातले त्यांचे जुने लोक झाडून येणार होते. त्या सगळ्यांसमोर साहेबांनी तोंड उघडावं आणि त्यातून हेच बाहेर पडावं, एवढीच तिची इच्छा होती. हे शब्द ऐकले की हात उगारायचा, असं ज्यांना त्यांनी शिकवलं, त्यांनी ते त्यांच्याच तोंडून ऐकावेत.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. नजर दाराकडे गेली.

“घाबरलात?” ती हळूच म्हणाली. “घाबरा. मी आजवर तेच करत आलेय.”

गंमत म्हणजे ज्यांना ‘पाणी’ जमेना, त्यांना ही ओळ आठवड्याभरात जमली. पाठोपाठ दुसरीही. म्हणताना त्यांच्या डोळ्यांना धार लागायची, आणि नजर दरवेळी दाराकडे. पोपटताई ते डोळे पुसत नसे. उलट त्या दिवशी तिला जेवण चवीने जायचं. पुढच्या ओळी शिकवायच्या भानगडीत ती पडली नाही. बदनामीला दोन पुरेशा होत्या.

सत्काराला दवाखान्याचा हॉल भरला. साहेबांच्या हाताखाली तयार झालेले आणि आता त्यांच्याच खुर्चीत बसणारे धाकटे साहेब पुढे झाले. त्यांनी कोटाला पदक लावलं.

“सर, दोन शब्द होऊन जाऊ देत. या ताई म्हणतात, तुम्ही आता बोलता!”

टाळ्या झाल्या. चाकाच्या खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या पोपटताईने साहेबांच्या हातावर ठेका दिला.

“दार लावलंय, येशू, तरी तू आत ये. भिंतीला कान आहेत, तरी तू बोल.”

टाळ्या थांबल्या. काकू तोंडाला पदर लावून खाली बसल्या. धाकटे साहेब लालबुंद झाले.

“हे कुणी शिकवलं यांना?”

पोपटताईने दाराकडे पाहिलं. आजारी माणूस आहे, काहीही बरळतो, असं म्हणून सुटता आलं असतं. नोकरी वाचली असती, कदाचित जीवही. पण मग सूड अर्धाच राहिला असता. इतकी वर्षं गिळलेलं सगळं तिच्या घशाशी आलं.

“मी,” ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने तो चढवला. “मी ख्रिस्ती आहे. माझे वडीलही होते. यांनी त्यांना कोठडीत मारलं. आता ऐका त्यांची प्रार्थना, यांच्याच तोंडून!”

धाकट्या साहेबांनी दारातल्या दोन शिपायांना खूण केली. ते तिच्या दिशेने निघाले. तिला भीती वाटत होती, पण पाय मागे गेला नाही.

तेवढ्यात साहेबांनी तिचा हात घट्ट धरला.

“घास थोडा आहे, तरी तू जेवायला बस.”

ही तिसरी ओळ होती. ती तिने शिकवलेली नव्हती.

शिपाई थबकले. साहेबांची नजर या वेळी दाराकडे गेली नाही. ते सगळ्यांकडे बघत पुढे म्हणू लागले, न अडखळता, वर्षानुवर्षं रोज म्हटल्यासारखं, तिच्या वडिलांच्याच चालीत. वडिलांनी घरात कधीच न म्हटलेली, कोठडीतच जोडलेली एक ओळ तिने पहिल्यांदा ऐकली.

“पोर माझी एकटी राहिलीय, तरी तिला सूड शिकू देऊ नकोस.”