शेजारणीचा पत्ता

धाकटी बोलत होती आणि वाचनालयाच्या सभागृहातली शंभर माणसं हसत होती. थोरली भिंतीला टेकून उभी होती.

आधीची वीस मिनिटं थोरलीची होती. विषय तोच: तिकडची माणसं आणि आपली माणसं, शेजारधर्म कुणाचा सरस? दोन्ही देशांतल्या चार हजार घरांतून भरून आणलेल्या प्रश्नावल्या, अकरा वर्षांचं प्रबंधाचं काम. तिकडचे लोक माणूसघाणे असतात हा निव्वळ समज आहे, नव्याने आलेल्याला ते आपल्यापेक्षा लवकर घरी बोलावतात, असा तिचा निष्कर्ष. तो येईपर्यंत पहिल्या रांगेतल्या गृहस्थांना डुलकी लागली होती.

धाकटी तिकडे दोन वर्षं नोकरी करून आलेली. तिनेही तेच सांगितलं, पण कसं! तिसऱ्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने दार ठोठावलं, हाताला धरून जेवायला नेलं. पुढे ही तापाने फणफणली, तेव्हा तीच म्हातारी उशाशी बसून राहिली. लोकांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर आईसुद्धा म्हणाली, तुझंही खरं असेल गं, पण ही राहून आलीय.

थोरलीच्या पोटात दुखलं. लहानपणापासून हेच. घासून अभ्यास आपण करायचा, कौतुक धाकटीचं व्हायचं. पदरचं घालून सांगतेय झालं, असं म्हणत तिने धाकटीचा एकेक किस्सा आपल्या तक्त्यांशी ताडून पाहिला. एकही चुकत नव्हता. मग तर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण अकरा वर्षं लोकांचे उंबरे झिजवून जे शोधलं, ते हिला बसल्या जागी मिळालं होतं.

पण प्रबंधाचं पुस्तक व्हायचं होतं, आणि प्रकाशकाला नुसते आकडे नको होते. त्यात एखादं हाडामांसाचं माणूस हवं, असं त्याचं म्हणणं. आठवडाभराने थोरली अभिमान गिळून धाकटीच्या खोलीत गेली.

“तुझ्या त्या म्हातारीचा पत्ता दे. मी तिला पत्र लिहीन.”

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“ताई, खालच्या मजल्यावर कोण राहायचं, मला ठाऊक नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षांत एकानेही घरी बोलावलं नाही मला. ती म्हातारी मी तुझ्या प्रबंधातल्या तक्त्यांवरून रचली. रोज कामावरून आले की तोच उघडून बसायचे. म्हटलं, ताई म्हणते तर आज ना उद्या कुणीतरी दार वाजवेलच.”