डाव्या कोपऱ्यातलं बटण

अकरा चाळीसला संध्याचा फोन वाजला. पलीकडून हर्षला घाईघाईनं म्हणाली, "ताई, पासवर्ड चुकीचा सांगतंय."

"सर्व्हर कुठला निवडलास?"

"तिसरा."

"पहिला निवड. पप्पा जुन्या खोपोली कंपनीतले ना, त्यांची पेटी तिथंच आहे."

कंपनीच्या मेलचं सगळं काम संध्या एकटी बघायची. मालकांनी चार वर्षांत दोन कंपन्या विकत घेतल्या. बोर्ड बदलले, गणवेश एक झाले, मेलचे सर्व्हर मात्र तीनच राहिले, वेगळ्या चुली मांडलेल्या भावांसारखे. कुणालाही घरबसल्या आपला मेल उघडता यावा म्हणून तिनं तिन्ही सर्व्हर एका वेबपानावर आणले. एक तारखेला ते पान सुरू झालं. मुंबईच्या मुख्य ऑफिसातून तिच्या कौतुकाचा मेलही आला.

अकरा तारखेला प्रेस मशीनवर नामा या कामगाराची दोन बोटं गेली. पाळीचे सुपरवायझर दशरथ म्हणाले, मशीनची संरक्षक जाळी निघालीय असं मी दोन दिवस आधीच मॅनेजरसाहेबांना मेलनं कळवलं होतं. मॅनेजर म्हणाले, मला काही आलेलं नाही. आज सकाळी संध्यानं स्वतः शोधलं आणि मॅनेजरच्या पेटीत असा मेल नाही, असं लिहून खाली सही केली. दशरथ निलंबित होऊन पळसदरीला घरी बसले होते. चौकशी आज दुपारी बारा वाजता होती आणि त्याआधी त्यांचं मेलचं खातं बंद करायचं होतं. तेही संध्यानंच.

पण सही केल्यावर तिला शंका आली होती. दशरथमामा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना मेल मध्येच हरवला असेल तर? मग तो तिनंच हरवला होता. न राहवून तिनं त्यांच्या मुलीला फोन केला होता, पप्पांना घेऊन लॅपटॉपसमोर बस म्हणून.

"उघडलं!" हर्षला म्हणाली.

"पाठवलेल्या मेलमध्ये बघ. नऊ तारखेचा."

"नाहीये. या महिन्यातला एकही नाहीये."

मागून दशरथांचा आवाज आला. "आसं कसं व्हईल? मी सोताच्या हातानं टाकलाय, मॅडम."

"हर्षला, ड्राफ्ट उघड. लिहून ठेवलेले मेल असतात ते."

माऊसची टिकटिक ऐकू आली.

"ताई, सात आहेत." ती वाचू लागली. "हातमोजे संपलेत. शनिवारी रजा पायजे. आणि हा बघा, नऊ तारीख, सकाळी सात चाळीस. साहेब, चार नंबर प्रेसची जाळी निघालीय. बसवल्याबिगर माणूस लावू नका."

संध्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मेल हरवला नव्हता. तिची काही चूक नव्हती. पुढच्याच क्षणी तिला त्या सुटकेची लाज वाटली.

"मामा, हे मेल गेलेच नाहीत. नुसते लिहून राहिलेत."

"गेलं नाय कसं? डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबलं, पान मिटलं. अकरा वर्सं तेच दाबतोय मी."

"सातांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा कुणाला विचारलं नाहीत?"

"साहेबलोक उत्तर कधी देतात, मॅडम?"

संध्यानं आपल्या संगणकावर तेच पान उघडलं. डाव्या कोपऱ्यात 'सेव्ह' होतं. 'सेंड' उजवीकडं होतं. जुन्या खोपोलीच्या पानावर सेंड डावीकडं असायचं. तीन पानांचं एक करताना विकत घेतलेल्या दुसऱ्या, चौक गावच्या गोदाम कंपनीतल्या लोकांच्या सवयीप्रमाणं तिनंच ते उजवीकडं नेलं होतं. तशी सूचनाही सगळ्यांना दिली होती. मेलनं, इंग्रजीत.

"आता पाठवून टाकू का, ताई?" हर्षलानं विचारलं. "एकच तर बटण दाबायचंय."

"नको, नको! आज पाठवलास तर आजची तारीख पडेल. आहे तसं राहू दे. फोटो काढून ठेव."

तिनं फोन ठेवला. बाराला सात मिनिटं होती. तेवढ्यात एचआरचे विकास सर फाइल घेऊन दारात आले.

"बंद केलंस का खातं?"

"सर, त्यांचा मेल सापडला. नऊ तारखेचाच आहे. पण ड्राफ्टमध्ये आहे."

"म्हणजे पाठवलाच नव्हता ना त्यानं? मग मिटलं की. तेवढंच लिहून दे मला."

तेवढंच लिहिलं असतं तरी त्यातला शब्दन्‌शब्द खरा ठरला असता. तिला कुणी काही विचारलंही नसतं. संध्या उठली आणि तिनं आपली खुर्ची सरांपुढं केली. सरही जुन्या खोपोली कंपनीतलेच, तिथं त्यांची चौदा वर्षं गेली होती.

"सर, बाहेरून मेल उघडायचं नवं पान तुम्ही अजून वापरलं नाहीये ना?"

"मला कुठं वेळ आहे? मी सगळं फोनवरच बघतो."

"एक मिनिट बसा. तुमचा पासवर्ड टाका आणि मला एक मेल पाठवा. काहीही लिहा."

"आत्ता? तिकडं सगळे थांबलेत, संध्या."

"आत्ताच, सर."

ते वैतागून बसले. पासवर्ड टाकला, दोन शब्द खडखड टाइप केले आणि घड्याळाकडं बघत बघतच माऊस डाव्या कोपऱ्यात नेऊन बटण दाबलं. पान मिटलं.

"गेला," असं म्हणून ते उठले.