झाकलेले तीन पत्ते

लक्ष्मणरावांनी आपला वजीर मुद्दाम मारोतरावांच्या प्याद्याच्या तोंडी दिला. मारोतरावांनी तो मारला नाही. डावा हात पटाच्या कडेला नुसता पडून राहिला.

"काका, राहू द्या आता," भोजराज म्हणाला. "बाबाले काही समजून नाही राहिलं."

मारोतरावांना लकवा मारून एकवीस दिवस झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, चेहऱ्याचा दगड झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं: समज शाबूत असेल तर आणा, दोन महिने ठेवून पाहू, नसेल तर घरीच सेवा करा, उगाच हाल करू नका. सकाळी आसगावहून मोटार होती. न्यायचं की नाही, ते भोजराजला आजच ठरवायचं होतं. एकवीस दिवसांत तो रडला नव्हता. त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं.

लक्ष्मणरावही नुसते मोहरे डब्यात भरत बसले. वीस वर्षांची दोस्ती, आणि वीस वर्षांचा एकच वाद. लक्ष्मणराव बुद्धिबळवाले. म्हणायचे, खरं डोकं लागते ते इथं. पत्त्यात काय, आंधळ्याच्या हातातही तीन एक्के येतात. मारोतराव तीन पत्तीवाले. ते वाद घालत नसत, जिंकलेले लाखोळीचे दाणे मुकाट्यानं स्वतःकडे ओढत. दोघांत पैसा लावायचा नाही, लाखोळी लावायची, असा नेम होता. जिंकल्यावर मारोतराव आपले पत्ते कधी दाखवत नसत, थेट गड्डीत घुसवून टाकत. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत, मंडईच्या जत्रेच्या दिवशी, त्यांनी लक्ष्मणरावांची अख्खी पायली रिकामी केली होती.

भोजराजच्या आईनं, कुंताबाईंनी, कोनाड्यातली गड्डी आणली, सुपात लाखोळी आणली. "भाऊजी, हे देऊन पाहा."

"वैनी, याच्यातून काय समजन? हे तं नशिबाचं काम."

"त्यायचं मन राखाले खेळा. तुमचं काय जाते?"

लक्ष्मणरावांनी पत्ते वाटले. कुंताबाईंनी नवऱ्याचे तीन पत्ते त्यांच्या डोळ्यांसमोर धरले, मग पालथे ठेवले.

लक्ष्मणरावांकडे राजाची जोडी आली होती. त्यांनी दोन दाणे पुढे सरकवले. मारोतरावांचा डावा हात हलला. चार-पाच दाणे पुढे आले.

"हात सरकला असन," भोजराज म्हणाला.

लक्ष्मणरावांनी मूठभर टाकले. मारोतरावांनी कोपरानं आपला सगळा ढीग पुढे लोटला.

लक्ष्मणरावांनी वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर वीस वर्षांत कधी काही दिसलं नव्हतं, आजही काही दिसेना. समोर आजारी माणूस बसला आहे, आपण त्याची परीक्षा घेतो आहोत, हे ते क्षणभर विसरूनच गेले. नक्की एक्के असणार याच्याकडे, त्यांना वाटलं. राजाची जोडी त्यांनी चिडून खाली टाकली.

"पॅक. लकव्यातही नशीब सोडत नाही याले."

"कायचं नशीब, काका. आई, दाखव ते पत्ते."

कुंताबाईंनी हात पुढे केला. मारोतरावांचा पंजा पत्त्यांवर पडला. पाचही बोटं दाबून बसला. मग हळूहळू, एकेक करून, त्यांनी तिन्ही पत्ते गड्डीत घुसवले.

मारोतरावांनी दाणे स्वतःकडे ओढायला घेतले.

"वैनी, काय होतं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

कुंताबाईंनी तोंडाला पदर लावला. "दुर्री, पंजी अन् सत्ती. तिन्ही येगयेगळ्या रंगाचे. हातात काहीच नव्हतं."

लक्ष्मणराव आपल्या राजांकडे पाहत राहिले. "वीस वर्षं," ते म्हणाले, "वीस वर्षं मी याले नशीब समजत होतो."

भोजराज उठला. त्याला आता रडू आवरत नव्हतं.

"आई, बाबाचं धुतलेलं धोतर काढून ठेव," तो म्हणाला. "सकाळी मोटार आहे."